खासदार बाबासाहेब

जगात कुठे ना कुठे युद्ध चालू असतंच, आणि ते आपल्या नेऱ्याच्या हॉस्टेलवर मेसच्या टीव्हीसमोर बसून लढणारेही काही कमी नाहीत. एका हातात चपाती, दुसऱ्या हाताने हवेत नकाशा! या लढवय्यांच्या दोन पार्ट्या आहेत. एकीचं म्हणणं, पाठवा सैन्य आणि टाका संपवून. दुसरीचं म्हणणं, आपल्याला काय करायचंय, त्यांचं ते बघून घेतील. रात्री रेक्टर सर टीव्ही बंद करतात तेव्हा युद्धविराम होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणांचा पंधरावा खंड मी लायब्ररीतून आणला होता तो वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला. महाराष्ट्र शासनाने छापलेला हा इंग्रजी खंड उशीसारखा जाड आहे. चाळता चाळता शेवटाकडे राज्यसभेतलं २६ ऑगस्ट १९५४ चं भाषण सापडलं. विषय परराष्ट्र धोरण. वाचायला बसले आणि उठेपर्यंत मेस बंद झालेली! कारण आपल्या दोन्ही पार्ट्यांना त्यात उत्तर आहे, आणि ते दोघींच्याही सोयीचं नाही.

घटनाकार बाबासाहेब, महाडचे बाबासाहेब, दीक्षाभूमीचे बाबासाहेब आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. दुसऱ्या देशांच्या भानगडीत आपण किती पडावं, सैन्य कधी वापरावं, कुणाच्या दुःखाची जबाबदारी आपली मानावी, यावर तोंड उघडणारे खासदार बाबासाहेब मात्र कोपऱ्यात राहिलेत. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे इंग्रजी वाचायला त्रास झाला नाही. मराठीत सांगताना मात्र घाम फुटतोय. त्यांची वाक्यं उचलून न देता जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

सैन्य ही गोष्ट बाबासाहेबांनी पुस्तकात वाचली नव्हती. ते जन्मलेच छावणीत. १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सकपाळ ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात सुभेदार, आणि लष्कराच्या शाळेत शिक्षक. मूळ गाव आपल्या कोकणातलंच, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या काळात कोकणातल्या महार घरातल्या मुलासाठी पलटण म्हणजे नुसती बंदूक नव्हती. पलटण म्हणजे शाळा, पगार, पेन्शन, अंगावर धड कपडे आणि हाक मारताना तोंडात येणारं बरं नाव. रामजी शिकले ते सैन्यामुळे, आणि भीमराव शिकले ते रामजींमुळे. इतकी ही साखळी सरळ आहे.

आणि ही साखळी सरकारने तोडली. १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी लढवय्या जाती आणि बिगर-लढवय्या जाती असं वर्गीकरण पक्कं केलं आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारच्या लढाया लढल्या त्यांना एका फटक्यात नापास! महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः लष्करातून निवृत्त झालेले, यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. काही उपयोग झाला नाही. बाबासाहेब या वातावरणात वाढले, त्यामुळे सैन्याविषयी त्यांचा पहिला प्रश्न आपल्या मेसमधल्या प्रश्नापेक्षा वेगळा असायचा. सैन्य कुठे पाठवायचं हे नंतर. ते कुणाचं, त्यात कोण, त्याचा खर्च कोण भरतो, आणि ते मागे फिरल्यावर तिथली माणसं कुणाच्या हाती राहतात, हे आधी.

शिक्षणाचा भाग तुम्हाला पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या संस्थानी फौजेत काही दिवस लेफ्टनंट, मग वडिलांचा मृत्यू, मग सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आणि न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे प्रोफेसर जॉन ड्यूई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथून १९१६ मध्ये लंडन. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावं लागलं. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुस्तकांसकट सगळं तळाशी. आपला प्रोजेक्ट रिपोर्ट हार्ड डिस्कसकट गेला तर आपण आठवडाभर जेवत नाही. इथे वर्षानुवर्षांचं वाचन समुद्रात गेलं. ज्या युद्धाशी आपला काही संबंध नाही, त्याचाही टॉर्पेडो आपल्या सामानाला लागू शकतो!

बडोद्याला त्यांची नेमणूक झाली महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून. पद केवढं मोठं बघा. आणि त्याच कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे, शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. एका राज्याच्या लष्करी कारभारात बसलेल्या माणसाला त्याच राज्यात रात्री पाठ टेकायला जागा नाही. मला वाटतं, एखादं राष्ट्र बाहेर किती बलवान दिसतं यावर बाबासाहेब पुढे कधी भाळले नाहीत, त्याचं एक कारण बडोद्यात असावं.

१९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर एक परीक्षण लिहिलं. रसेल युद्धविरोधी, त्यासाठी इंग्लंडमध्ये त्याच वर्षी तुरुंगात गेलेला. सत्तावीस वर्षांच्या आपल्या या प्राध्यापकाला त्याच्याबद्दल आदर होता. पण भारतातले लोक हे पुस्तक वाचून हातावर हात ठेवून बसण्याला तत्त्वज्ञान समजतील, याची धास्तीही होती. म्हणून त्यांनी ड्यूईकडून घेतलेला एक फरक मांडला. जगात काहीही घडवायचं तर बळ लागतंच. पण बळ दोन तऱ्हेने वापरता येतं, घडवणारी ऊर्जा म्हणून किंवा मोडणारी हिंसा म्हणून. प्रश्न बळ वापरावं की नाही हा नाही, कोणत्या तऱ्हेने हा आहे.

(इथे मेकॅनिकलवाले हात वर करतील, की बळाचं एकक न्यूटन आणि ऊर्जेचं ज्यूल, दोन्ही एक कसं? मान्य. पण नुसतं बळ लावून वस्तू हललीच नाही तर कार्य शून्य, हेही आपल्याला फर्स्ट इयरला शिकवलंय. बाबासाहेबांचा मुद्दा त्याच्या जवळपासच आहे.)

हा फरक त्यांनी कागदावर ठेवला नाही. २० मार्च १९२७, महाड. आपला जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. पळस्प्याहून जो गोवा हायवे सुटतो त्यावरच पुढे महाड आहे, आपल्यातले अर्धे गणपतीला तिथूनच जातात. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावातल्या लोकांनी परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला, माणसं रक्तबंबाळ झाली. आलेल्यांमध्ये सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. तो शब्द त्यांनी दिला नाही. लोकांना शांत केलं, पोलिसात तक्रार केली, आणि तळ्याचा खटला दहा वर्षं लढवून १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकला. हातात ताकद असताना ती कुठे लावायची नाही हे ठरवणं सोपं नसतं.

त्याच १९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य झाले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. खोती पद्धत रद्द करण्याचं बिल त्यांनी इथेच मांडलं, कोकणातल्या कुळांसाठी. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात उतरलाय. कुणाला विचारून? कुणालाच नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबई असेंब्लीत यावर चर्चा झाली. बाबासाहेबांची भूमिका तेव्हाही दोन्ही पार्ट्यांना न पटणारी. लोकांना न विचारता देशाला युद्धात ढकलणं त्यांना मान्य नव्हतं. लोकशाहीसाठी लढतोय म्हणणाऱ्या ब्रिटनने इथल्या लोकशाहीचं काय ते आधी सांगावं. पण म्हणून नाझी जिंकले तरी चालतील, हेही त्यांना मान्य नव्हतं. जुना मालक वाईट म्हणून त्याहून वाईट मालक दारात आणायचा नसतो.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळात त्यांना घेतलं. महारांची भरती पुन्हा सुरू करा हा धोशा त्यांनी लावलेलाच होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. वडिलांच्या पिढीला लागलेलं कुलूप मुलाने उघडलं. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. रेडिओवर त्यांनी कामगारांना हे युद्ध का जिंकायचंय ते सांगितलं. कामगार काही शांततेच्या विरोधात नाही, पण शरण जाऊन मिळालेली शांतता ही शांतता नव्हे. आणि नाझींची नवी व्यवस्था पाडायची म्हणजे जुनी व्यवस्था जशीच्या तशी ठेवायची असंही नाही. हे सगळं ब्रिटिशांच्या मंडळात बसून! तेव्हा काँग्रेसचे नेते तुरुंगात होते, त्यामुळे बाबासाहेबांवर टीका खूप झाली. ती टीका करणाऱ्यांची बाजूही मला समजते. परक्या सरकारात बसणं कुणालाही खटकणार. पण हिटलर जिंकला असता तर स्वातंत्र्याचं काय झालं असतं, याचं उत्तर टीकाकारांनाही द्यावं लागलं असतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की बाबासाहेब म्हणजे पहिली पार्टी, पाठवा सैन्यवाली. मग १७ डिसेंबर १९४६ बघा. घटना समिती नुकतीच सुरू झालेली, मुस्लिम लीग बाहेर बसलेली, देशात दंगली. काहींच्या डोक्यात होतं की हा प्रश्न ताकदीनेच मिटवू. बाबासाहेबांनी समितीसमोर सरळ सांगितलं की असा विचारही करू नका. त्यासाठी त्यांनी एडमंड बर्कचं अमेरिकन वसाहतींविषयीचं भाषण आधाराला घेतलं. सारांश असा, की बळाने माणूस आज दबतो, उद्या परत दबवावा लागतो, परवा परत; आणि ज्या लोकांना रोज नव्याने जिंकावं लागतं त्यांच्यावर राज्य चाललंय असं म्हणता येत नाही. शिवाय बळ वापरून जे मिळवायचं तेच त्या लढाईत मोडून जातं. ज्या काँग्रेसवाल्यांशी त्यांचं वर्षानुवर्षं वाकडं, त्यांनीही त्या दिवशी त्यांचं कान देऊन ऐकलं असं चरित्रकार सांगतात.

मग घटना. कलम ५१ कधी वाचलंय? आपल्या घटनेच्या विषयाच्या नोट्समध्ये ते एका ओळीत उरकलेलं असतं. आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षा वाढवणं, देशादेशांत न्यायाचे आणि सन्मानाचे संबंध ठेवणं, आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांची बूज राखणं, भांडणं लवादाने सोडवायला उत्तेजन देणं, हे राज्याने करायचे प्रयत्न आहेत असं त्यात म्हटलंय. म्हणजे जगाची जबाबदारी हा आपल्या देशाच्या मूळ कागदातला मजकूर आहे. यात शांततेच्या शेजारी न्याय आणि सन्मान हे शब्द आहेत. नुसती शांतता नाही.

सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्री बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सगळ्यांना माहीत आहे. पण ऑक्टोबरमध्ये दिलेल्या निवेदनात परराष्ट्र धोरण हे एक वेगळं कारण आहे, आणि त्यात आकडे आहेत. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, असं त्यांनी दाखवलं. गणित करा, निम्म्याहून जास्त, एक्कावन्न टक्के! (२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होता.) एवढा खर्च का? तर अडीअडचणीला धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही, म्हणून सगळं बिल आपणच भरतोय, असं त्यांचं म्हणणं. काश्मीरच्या बाबतीत तर त्यांनी फाळणीचा पर्याय मांडला, आणि त्यापेक्षा पूर्व बंगालमधल्या हिंदूंच्या हालांकडे कुणी बघत नाही याचा त्यांना जास्त संताप होता. हे आज कितीजणांना पटेल मला माहीत नाही. पण त्यांची मोजपट्टी बघा. जमीन किती हे ते मोजत नाहीत, तिथली माणसं कोण आणि त्यांना काय हवंय हे मोजतात. आणि मोठं सैन्य म्हणजे मोठा देश, असंही मानत नाहीत. त्यांच्या लेखी वाढलेला लष्करी खर्च हे फसलेल्या परराष्ट्र धोरणाचं बिल होतं. नोव्हेंबरात लखनौला विद्यार्थ्यांसमोर त्यांनी विचारलं की सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळावी म्हणून पंतप्रधान प्रयत्न का करत नाहीत. आज हा प्रश्न वादविवाद स्पर्धेत हमखास येतो. त्यांनी तो १९५१ मध्ये विचारला होता.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून हरले, काजरोळकरांकडून. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, आणि लोकसभेत जागा नाही! मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. तब्येत ढासळलेली, मधुमेह, पाय साथ देत नव्हते. हरलेला, आजारी, विरोधी बाकावरचा हा माणूस २६ ऑगस्ट १९५४ ला बोलायला उभा राहिला. त्या सभागृहाला राज्यसभा हे नाव मिळून तेव्हा तीनच दिवस झाले होते.

दिवस कसे होते ते आधी बघू. एप्रिलमध्ये तिबेटच्या व्यापारावर भारत-चीन करार होऊन पंचशील जाहीर झालेलं. आदल्या वर्षी कोरियाचं युद्ध थांबलेलं, देशाचे दोन तुकडे तसेच ठेवून. जुलैमध्ये जिनिव्हात व्हिएतनामची फाळणी ठरलेली. अमेरिका आग्नेय आशियासाठी सीटो नावाचा लष्करी करार जुळवत होती. दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी नुकतंच पोर्तुगीजांकडून सोडवलेलं, आणि १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही गेलेले. नेहरूंचं नाव जगभर होतं, शांतिदूत म्हणून. अशा वेळी त्यांच्या धोरणाला संसदेत उभं राहून चुकीचं म्हणायला छाती लागते.

बाबासाहेबांनी सुरुवात शांतता या शब्दापासूनच केली. शांतता कुणाला नको? प्रश्न तिची किंमत काय आणि ती कोण देतंय हा आहे. त्यांनी पूर्व युरोपातल्या देशांची यादीच वाचली. महायुद्धात नाझींपासून सुटलेले हे देश रशियाच्या ताब्यात गेले आणि जगाने शांततेसाठी ते सोडून दिले. आता आशियात तेच चाललंय. एक देश कापायचा, अर्धा भाग देऊन टाकायचा आणि त्याला शांतता म्हणायचं. राक्षसाला रोज एक घास दिला म्हणजे त्याची भूक संपत नाही, आपली पाळी फक्त पुढे जाते. इथे आपली दुसरी पार्टी, आपल्याला काय करायचंयवाली, गारद होते. कारण गप्प बसणं हाही त्यांच्या मते एक निर्णयच आहे, आणि त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर फाडलं जातं.

मग तिबेट. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन आपणच चीनची सीमा आपल्या दाराशी आणून ठेवली, असं त्यांनी सांगितलं, आणि ज्यांना आक्रमणाची सवय आहे ते आज ना उद्या इकडेही वळतील हा इशारा दिला. पंचशीलावर तर ते अभ्यासक म्हणून चिडले होते. पंचशील हा बौद्ध धर्मातला शब्द. त्याच्यावर माओचा खरंच विश्वास असता तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, असा त्यांचा साधा तर्क. सीटोबद्दल त्यांनी सांगितलं की तो कुणावर चालून जायचा करार नाही, कुणी चालून आलं तर एकमेकांना सावरायचा आहे; त्याकडे नुसती पाठ फिरवू नका.

आणि गोवा. इथे ते सरकारला झोंबेल असं बोलले. सरकार नुसतं ओरडतंय, करत काही नाही. छोटीशी पोलीस कारवाई पुरली असती. पोलीस कारवाई हा शब्द तेव्हा सगळ्यांना कळत होता, कारण १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादला पाच दिवसांत जे झालं त्याला तेच नाव होतं, आणि तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळात होते. पण १९४६ मध्ये बर्कचा दाखला देणारा माणूस १९५४ मध्ये गोव्यात बळ वापरा म्हणतो, हे कसं? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं उत्तर असं, की पहिल्या वेळी बळ आपल्याच देशातल्या लाखो लोकांच्या इच्छेविरुद्ध लावायचं होतं, आणि ते कायम लावून ठेवावं लागलं असतं. गोव्यात लोकांच्या मानेवर चारशे वर्षं बसलेला परका होता. तो उठला की बळाचं काम संपलं. एकदा लावून थांबवता येणारं बळ आणि कधीच थांबवता न येणारं बळ. १९१८ चा फरक छत्तीस वर्षांनी संसदेत आला.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि छत्तीस तासांच्या आसपास सगळं आटोपलं. मधल्या सात वर्षांत किती सत्याग्रहींनी गोळ्या खाल्ल्या, किती जण पोर्तुगीज तुरुंगात सडले. आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये चीन खरोखरच सीमा ओलांडून आला.

म्हणून बाबासाहेबांचं सगळं बरोबर आणि नेहरूंचं सगळं चूक, असं मात्र मी लिहिणार नाही. सीटोचं बाबासाहेबांना वाटलं तसं झालं नाही. पाकिस्तान त्यात गेला, अमेरिका त्याच वाटेने व्हिएतनामच्या चिखलात रुतली आणि १९७७ मध्ये तो करार गुंडाळला गेला. आपण त्यात असतो तर आपल्या कोकणातली किती पोरं सायगावला गेली असती कोण जाणे. शिवाय नेहरूंचं धोरण म्हणजे हात झटकणं होतं असंही नाही. कोरियात भारताने लढायला नाही पण डॉक्टर पाठवले, साठाव्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे. युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचा गुंता सोडवायला जनरल थिमय्या अध्यक्ष होते आणि त्या कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आपले मराठी अधिकारी, मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला तिसरा कुणीतरी लागतो, आणि तो भारत होऊ शकला तो कुणाच्या गटात नव्हता म्हणूनच. हीही आंतरराष्ट्रीय जबाबदारीच. या मुद्द्यावर मी नेहरूंच्या बाजूने आहे. पण तिबेटच्या मुद्द्यावर नाही.

बाबासाहेबांच्या शेवटच्या दोन वर्षांत हा विषय धर्माच्या वाटेने परत आला. बुद्ध की कार्ल मार्क्स या नावाचा एक निबंध ते लिहीत होते. त्यात सिंह सेनापतीची गोष्ट आहे. हा वैशालीचा सेनापती बुद्धाकडे जातो आणि विचारतो, तुम्ही अहिंसा शिकवता, मग मी लोकांच्या रक्षणासाठीही लढायचं नाही का? बाबासाहेबांनी बुद्धाचं उत्तर असं समजावून दिलंय, की न्यायासाठी आणि लोकांच्या सुरक्षेसाठी लढणाऱ्याला हिंसेचा दोष लागत नाही. शांतता टिकवायचे सगळे उपाय थकले तर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर. दुष्ट शक्तीपुढे मान झुकवायची नाही. पण युद्ध स्वतःच्या स्वार्थासाठी नसावं. यात सगळे उपाय थकले तर, हा तुकडा मला सगळ्यात अवघड वाटतो. थकले हे ठरवायचं कुणी?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ४ नोव्हेंबरला रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच दिवसांत सुएझवर बॉम्ब पडत होते, म्हणजे दोन्ही गटांचे मोठे देश एकाच वेळी दुसऱ्यांच्या घरात घुसलेले. २० नोव्हेंबरला बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बोलले, विषय बुद्ध आणि मार्क्स. चालवतही नव्हतं त्यांना. गरिबी हटवायचं मार्क्सचं ध्येय त्यांनी नाकारलं नाही. बळजबरीने बसवलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर किती दिवस उभी राहील, एवढंच त्यांनी विचारलं. बुद्धाचा मार्ग लांबचा आहे, पण तो माणसाचं मन बदलून जातो, म्हणून टिकतो, असं त्यांनी जगभरातून आलेल्या भिक्खूंना सांगितलं.

त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, दिल्लीच्या घरी झोपेतच ते गेले. तेव्हाही ते राज्यसभेचे खासदार होते. सिंह सेनापतीची गोष्ट असलेला तो निबंध कागदपत्रांच्या गठ्ठ्यात टाइप केलेल्या पानांवर राहिला, आणि महाराष्ट्र शासनाच्या तिसऱ्या खंडात छापून आला तो १९८७ मध्ये.